‘जॉज’ : भीती शार्कची की नगराध्यक्षाची?

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचा अभ्यासवर्ग भरतो. एक पुस्तक, एकाची मांडणी आणि मग दोन तास वादावादी, असा आमचा शिरस्ता. यावेळी आम्ही ठरवले की पुस्तकाऐवजी चित्रपट पाहायचा आणि तोही मोबाईलवर नाही, थिएटरात. एका फिल्म क्लबने छोट्या थिएटरात स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७५ सालचा ‘जॉज’ लावला होता. आम्ही ग्रुपवर टाकले आणि लगेच मेसेज सुरू झाले. ‘माशाचा पिक्चर?’ ‘चळवळीचा आणि शार्कचा संबंध काय?’ ‘फँड्री सोडून हॉलीवूड कशाला?’ एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तर थेट सुनावले की निवेदन द्यायला सहा जण येता आणि पिक्चरला चाळीस!

टोला वर्मी बसला. निवेदनाला चाळीस जण यायला हवेत, यात वादच नाही. पण ‘जॉज’ हा टाईमपास आहे, हे मात्र आम्हाला मान्य नाही. आमचे म्हणणे असे की हा चित्रपट आंबेडकरी तरुणांनी पाहिलाच पाहिजे, शक्य तिथे थिएटरात पाहिला पाहिजे आणि पाहून झाल्यावर एक प्रश्न विचारला पाहिजे : धोका कुणाला माहीत होता?

आधी थराराबद्दल बोलू. विचारासाठी चित्रपट पाहा असे सांगितले की तरुण पळतात आणि त्यात त्यांची चूक नाही. ‘जॉज’ हा पहिल्यांदा जीव मुठीत धरून पाहायचा चित्रपट आहे. अमिटी नावाचे एक काल्पनिक बेट. उन्हाळ्यात शहरातले लोक सुट्टीला येतात, त्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवर अख्खे गाव वर्षभर जगते. एका रात्री एक तरुणी पोहायला समुद्रात उतरते. पाण्याखालून कुणीतरी तिला खेचते. शार्क दिसत नाही, दिसतो तो फक्त तिचा चेहरा आणि ऐकू येते ती तिची किंकाळी. पहिला तासभर शार्क धड दिसतच नाही. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर, पोहणाऱ्यांच्या हनुवटीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. त्यामुळे खुर्चीत बसलेले आपणही गळ्यापर्यंत पाण्यात असतो. जॉन विल्यम्सचे ते दोन सुरांचे संगीत हळू सुरू होते, वेग घेते आणि आपले पाय आपोआप वर घेतले जातात. आमच्यातल्या एका भगिनीने खरोखरच पाय खुर्चीवर घेतले होते.

ही कमाल काही अंशी अडचणीतून आली आहे. शूटिंगसाठी यांत्रिक शार्क बनवला होता. खाऱ्या पाण्यात तो सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचे ठरलेले शूटिंग १५९ दिवसांवर गेले. दिग्दर्शक तेव्हा २७ वर्षांचा होता. शार्क चालत नाही म्हटल्यावर त्याने तो न दाखवता दाखवला. उत्तरार्धात पाण्यावरून पिवळे पिंप पळताना दिसले की खाली शार्क आहे हे आपल्याला कळते आणि तेवढ्यानेच घाम फुटतो. संकलन, संगीत आणि ध्वनी अशी तीन ऑस्कर पारितोषिके या चित्रपटाला उगाच मिळालेली नाहीत.

मोबाईलवर यातले निम्मे हरवते. मेसेज आला की भीती संपते. थिएटरात अंधार असतो, सुटका नसते आणि शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. आपल्या चळवळीला हे नवे नाही. आंबेडकरी जलशांनी विचार गावोगाव नेला, तो लोकांना एका मांडवात बसवूनच नेला. एकट्याने पाहिलेले मनात राहते, चारचौघांत पाहिलेल्यावर बोलणे होते.

आता मुद्द्यावर येऊ. पहिल्या मृत्यूनंतर पोलीसप्रमुख ब्रोडी अहवालात शार्कचा हल्ला असे कारण नोंदवतो आणि किनारा बंद करण्याचे फलक रंगवायला घेतो. इतक्यात नगराध्यक्ष त्याला फेरीबोटीवर गाठतो. सोबत गावच्या वर्तमानपत्राचा संपादक आहे, मृत्यूचे कारण ठरवणारा डॉक्टरही आहे. नगराध्यक्ष आवाज चढवत नाही, धमकी देत नाही. सुट्टीचा हंगाम तोंडावर आहे, घबराट पसरली तर गावाचे नुकसान होईल, एवढेच समजावतो. आणि तो डॉक्टर तिथल्या तिथे आपले मत फिरवतो : शार्क नसेल, बोटीचा अपघात असेल.

मित्रहो, हा प्रसंग नीट पाहा. यात सत्ता आहे, छापखाना आहे, तज्ज्ञ आहे आणि सगळे एकाच बोटीत उभे आहेत. त्यांनी काय केले? एक शब्द बदलला. ‘हल्ला’ खोडून ‘अपघात’ लिहिले. किनारा उघडा राहतो. पिवळ्या तराफ्यावर खेळणारा एक लहान मुलगा, ॲलेक्स किंटनर, भरदुपारी शेकडो लोकांसमोर मारला जातो. त्याची आई त्याला हाका मारत राहते.

हा ‘अपघात’ शब्द आपल्या ओळखीचा आहे. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो अपघातच असतो. गटारात विषारी वायू असतो, हे कंत्राटदाराला माहीत असते, मुकादमाला माहीत असते, सही करणाऱ्या अभियंत्यालाही माहीत असते. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे त्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. कायदा आहे, निकाल आहे, रक्कम ठरलेली आहे. तरीही माणूस आत उतरवला जातो. वायूला जात कळत नाही. उतरवणाऱ्याला नेमकी कळते. म्हणून आम्ही म्हणतो, शार्कला फक्त भूक असते. नगराध्यक्षाला माहिती असते. फरक तिथे आहे.

काही जण म्हणतील की ही ओढूनताणून केलेली तुलना आहे, कुठे अमेरिकेतले बेट आणि कुठे आपली गटारे. आम्ही दोन्ही मरणे सारखी आहेत असे म्हणत नाही. अमिटीत सुट्टीला आलेले खातेपिते गोरे मरतात, ते जातीमुळे मरत नाहीत. सारखी आहे ती लपवण्याची पद्धत. आणि आम्हाला त्याहून बोचणारा प्रश्न विचारायचा आहे. तो नगराध्यक्षाबद्दल नाही, ब्रोडीबद्दल आहे.

ब्रोडी वाईट माणूस नाही. न्यूयॉर्कहून बदलून आलेला, पाण्याला घाबरणारा, दोन मुलांचा बाप. त्याला सत्य माहीत आहे. फेरीबोटीवर तो फक्त गप्प बसतो. नोकरी नवीन आहे, गाव परके आहे, वरिष्ठांशी वैर नको. एवढ्याच कारणाने. पुढे गावातले हौशी शिकारी भलताच एक शार्क पकडून आणतात. नगराध्यक्ष त्याच्यासोबत फोटो काढायची घाई करतो. हा तो शार्क नव्हे, जबड्याचे माप जुळत नाही, असे सांगणाऱ्या हूपर या शास्त्रज्ञाला कुणी विचारत नाही. त्याच गर्दीत काळ्या पोशाखातली ॲलेक्सची आई येते आणि ब्रोडीच्या थोबाडीत मारते. शार्क आहे हे तुम्हाला ठाऊक होते आणि तरी तुम्ही लोकांना पाण्यात जाऊ दिले, असे ती त्याला विचारते. नगराध्यक्ष सारवासारव करतो की बाईचे चुकले. ब्रोडी म्हणतो, नाही, तिचे बरोबर आहे.

संपूर्ण थिएटर इथे शांत झाले होते. शार्कच्या कुठल्याही प्रसंगाला इतकी शांतता नव्हती.

ती थप्पड आपल्यातल्या अनेकांच्या गालावर बसली पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली होती. ती आपण दरवर्षी स्टेटसला लावतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आज आरक्षणाच्या हक्काने आपले लोक नगरपालिकेत आहेत, पोलीस खात्यात आहेत, समाजकल्याणमध्ये आहेत. त्यांच्यापुढे कागद येतो. कागदावर ‘अपघात’ लिहिलेले असते. आपला माणूस दुष्ट नसतो, तो ब्रोडीसारखा गप्प बसतो आणि सही करतो. पगार, बदली, पोरांची फी, घराचा हप्ता, सगळे खरे आहे, आम्ही त्याची टिंगल करत नाही. ब्रोडीच्याही घरी पोरे होतीच. पण त्या आईला सहीमागची कारणे सांगता येत नाहीत, हे चित्रपट आपल्याला दाखवतो. ब्रोडीची लढाई कबुलीनंतर सुरू होते, ती त्याआधी सुरू झाली असती तर ॲलेक्स वाचला असता.

४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, किनारा गर्दीने फुलतो पण पाण्यात कुणी उतरत नाही. लोक घाबरलेले आहेत. तेव्हा नगराध्यक्ष एका ओळखीच्या कुटुंबाला हळूच पाण्यात जायला सांगतो. ते उतरले की बाकीचे उतरतात. स्वतः तो कोरड्या वाळूत, सूट घालून उभा असतो. लोकांना धोक्यात लोटायचे तर आधी त्यांच्यातलाच एक पुढे करायचा, ही युक्ती ज्याने आपल्याकडच्या निवडणुका पाहिल्या आहेत त्याला समजावून सांगायला नको.

दुसऱ्या भागात ब्रोडी, हूपर आणि क्विंट नावाचा जुना मच्छीमार एका जुनाट बोटीतून शार्कच्या मागे जातात. हा भाग निव्वळ थराराचा आहे आणि त्याचा शेवट आम्ही सांगणार नाही. मात्र त्यातल्या एका रात्रीबद्दल बोलणे भाग आहे. क्विंट आपली युद्धातली आठवण सांगतो. ‘इंडियानापोलिस’ या युद्धनौकेने हिरोशिमावर टाकलेल्या अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवले आणि त्यानंतर, ३० जुलै १९४५ ला, जपानी पाणबुडीने ती बुडवली. ही घटना खरी आहे. नौकेवर सुमारे ११९५ जण होते. त्यातले सुमारे ९०० जिवंत पाण्यात पडले. जवळपास चार दिवस कुणी शोधायला आले नाही, कारण नौका ठरल्या वेळी पोचली नाही याची नौदलाने दखलच घेतली नव्हती. एका विमानाला ते योगायोगाने दिसले, तेव्हा वाचले ३१६.

लोकांच्या लक्षात राहिले ते शार्क. पण तहान, ऊन, खारे पाणी आणि जखमा यांनी त्याहून अधिक माणसे मारली आणि या सगळ्याला वेळ मिळाला तो वरच्यांच्या बेपर्वाईमुळे. नौदलाने काय केले? कप्तान चार्ल्स मॅकव्हे याच्यावर खटला भरून त्याला दोषी ठरवले. नौका बुडवणाऱ्या जपानी कप्तानाने साक्ष दिली की मॅकव्हेने नौका नागमोडी चालवली असती तरी ती वाचली नसती. उपयोग झाला नाही. १९६८ मध्ये मॅकव्हेने आत्महत्या केली.

आणि आता ‘पिक्चर पाहून काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर. फ्लोरिडातला हंटर स्कॉट हा अकरा-बारा वर्षांचा शाळकरी मुलगा. त्याने ‘जॉज’मध्ये क्विंटची ती आठवण ऐकली आणि शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी तोच विषय घेतला. वाचलेल्या खलाशांना पत्रे पाठवली, मुलाखती घेतल्या, कागदपत्रे जमवली. ते म्हातारे खलाशी वर्षानुवर्षे आपल्या कप्तानासाठी भांडत होतेच. या पोराच्या कामाने त्यांच्या लढ्याला देशभर आवाज मिळाला. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेले आणि २००० साली काँग्रेसने ठराव करून मॅकव्हेला दोषमुक्त ठरवले. अख्ख्या जगाने तो प्रसंग पाहून पॉपकॉर्न खाल्ले. एका मुलाने वही काढली. आपल्या तरुणांकडून आमची एवढीच अपेक्षा आहे.

चित्रपटाची आरती ओवाळायची नाही, ती आपली परंपरा नाही. ‘जॉज’चे दोन मोठे दोष सांगितलेच पाहिजेत.

पहिला दोष म्हणजे शार्कला जन्मजात खुनी ठरवणे. हा शार्क सूड घेतो, पाठलाग करतो, ठरवून माणसे मारतो. खरा शार्क असा नसतो. जगभरात शार्कमुळे वर्षाला साधारण पाच-सहा माणसे मरतात, माणसे वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतात. कोकणातल्या बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून विकला जातो तो मासाही शार्कच्याच कुळातला. १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या शार्क आणि त्यांच्या कुळातल्या माशांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली. याला मुख्यतः बेसुमार मासेमारी जबाबदार आहे. पण ‘मारलेलाच बरा’ ही भावना पसरवण्यात या चित्रपटाचाही हात होता. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली याने पुढचे आयुष्य शार्क वाचवण्याच्या कामात घातले आणि स्पीलबर्गनेही २०२२ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. एका संपूर्ण कुळावर जन्मावरून गुन्हेगाराचा शिक्का मारला की काय होते, हे आपल्याकडच्या पारधी बांधवांना विचारा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का अजून पुसलेला नाही.

दुसरा दोष म्हणजे हा किनारा नेमका कुणाचा, हे चित्रपट विचारत नाही. ‘जॉज’चे शूटिंग मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज विनयार्ड या बेटावर झाले. याच बेटावर ओक ब्लफ्स हे गाव आहे. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या सुट्टीला येत आली आहेत. मार्टिन ल्यूथर किंगही तिथे राहिले होते. पण अमिटीच्या किनाऱ्यावर लक्षात राहील असे एकही काळे पात्र नाही. आणि अमेरिकेतल्या पाण्याचा इतिहास काय सांगतो? २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन सरोवरात तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत वाहत गोऱ्यांच्या बाजूच्या पाण्यात गेला. पाण्यावर कुठलीही रेघ नव्हती, रेघ लोकांच्या डोक्यात होती. एका गोऱ्याने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला अटक करायचे नाकारले. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. तराफ्यावरचा ॲलेक्स किंटनर जगाला पाठ आहे. तराफ्यावरचा युजीन विल्यम्स किती जणांना ठाऊक आहे?

पाण्यावरची न दिसणारी रेघ काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते तीच रेघ पुसण्यासाठी. १९६० मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सी इथे डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय नागरिक गोऱ्यांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरले, तेव्हा जमावाने त्यांना साखळ्या आणि दांडक्यांनी मारले. चवदार तळे पिण्याच्या पाण्याचे, बिलॉक्सीचा किनारा पोहण्याचा, पण मागणी एकच : सार्वजनिक आहे ना, मग आमचेही आहे. त्यामुळे शार्क येण्याआधी त्या किनाऱ्यावर कुणाला येऊ दिले जात होते, हा प्रश्न ‘जॉज’ पाहताना आपण विचारायचा. तो विचारणारा प्रेक्षक या चित्रपटाला आजवर फार कमी मिळाला आहे.

एक गोष्ट राहिली. शार्कचे काय झाले, हे पाहायला लोक शेवटपर्यंत बसतात. नगराध्यक्षाचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. उत्तर १९७८ च्या दुसऱ्या भागात आहे. तोच नगराध्यक्ष त्याच खुर्चीत आहे. आणि ब्रोडी पुन्हा धोका सांगू लागतो तेव्हा गावचे कारभारी ब्रोडीलाच नोकरीवरून काढतात. शार्क मेला, व्यवस्था तशीच राहिली. एका माशाला मारून, एका कंत्राटदाराला अटक करून, एका कनिष्ठ अधिकाऱ्याला निलंबित करून काही बदलत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

म्हणून आमचे आवाहन आहे. २०२५ मध्ये ‘जॉज’ला पन्नास वर्षे झाली तेव्हा तो अमेरिकेत पुन्हा थिएटरात लागला. आपल्या शहरात कुठे लागला तर सोडू नका. नाही लागला तर फिल्म क्लबकडे मागणी करा, चाळीस जण जमवा, थिएटर मिळते. घाबरा, ओरडा, पाय वर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण दिवे लागल्यावर लगेच उठू नका. तिथेच बसून तीन प्रश्नांवर बोला. धोका कुणाला माहीत होता? गप्प कोण बसले? आणि ती थप्पड आज कुणाच्या गालावर बसायला हवी?

आमच्या वर्गात तिसऱ्या प्रश्नावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग नगरपालिकेत नोकरीला असलेला आमचाच एक साथी म्हणाला, ‘पुढच्या वेळी निवेदन देताना मला आतून कागद काढून देता येतील.’ पुढच्या आठवड्यात आम्ही निवेदन घेऊन गेलो. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी दारातच मोजले. बावीस जण होते. अजून चाळीस झालेले नाहीत, पण सहाही राहिलेले नाहीत.

जय भीम!